चौघांचा आगीचा गोळा एकच का वाटतो?

प्रश्न : ताई, नमस्कार. सांगलीत आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकून रंगवायचा कथेचा खेळ खेळतो. मी डीएम, म्हणजे कथा आणि शत्रू चालवायचं काम माझं. चारही खेळाडूंनी जादू करणारेच क्लास (पात्रांचे प्रकार) घेतले आहेत : एक वहीतून जादू शिकलेला विझर्ड, एक उपजत जादू असलेला सॉर्सरर, एक सैतानाशी करार केलेला वॉरलॉक आणि एक देवाकडून ताकद मिळणारा, लाइट डोमेनचा (प्रकाशाच्या शाखेचा) क्लेरिक. पाचव्या लेव्हलला चौघांकडेही फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा फेकायचा मंत्र, आला. तेव्हापासून दर शनिवारी तेच. दार उघडायचं, चार फायरबॉल पडायचे, शत्रू संपले की सगळी पात्रं झोपायला मोकळी. मजा यावी म्हणून मी एकाचा गोळा निळा केला, एकाचा हिरवा. दोन आठवडे बरं वाटलं. आता वाटतं, हे क्लास बाजूला ठेवावेत आणि आपल्या कथांमधले चार नवे जादूगार बनवावेत. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रंग बदलून दोनच आठवडे निघाले हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते लगेच कळलं. गोळ्याचा रंग तुम्ही सांगता, खेळाडू ऐकतो. ऐकलेला फरक लवकर शिळा होतो. खेळाडूला स्वतःला काहीतरी वेगळं ठरवावं लागलं, शेजारच्याला नसलेली चिंता त्याच्या डोक्याला लागली, तर त्याचा जादूगार वेगळा होतो. मी २००३ मध्ये बेंगळुरूला नोकरीत असताना हा खेळ शिकले आणि आता पुण्यात घरच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी खेळवते. नवा क्लास कागदावर उतरवायच्या आधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : याची काळजीची वेळ कोणती?

तुमचेच चौघे घेऊ. २०१४ च्या नियमांप्रमाणे फायरबॉल चौघांचा सारखाच : १५० फुटांपर्यंत फेक, २० फूट त्रिज्या, ८ सहापैलू फाशांची इजा. पण तो हातात कसा येतो ते बघा. पाचव्या लेव्हलच्या विझर्डच्या वहीत निदान १४ स्पेल (मंत्र) असतात, आणि बुद्धी १८ असेल तर त्यातले ९ रोज तयार ठेवता येतात. आज कोणते ९? गुहेत जायचंय की दरबारात? त्याची काळजी सकाळची. सॉर्सररला सकाळी काहीच ठरवायचं नसतं, कारण त्याला येतातच मुळी ६ स्पेल. पुढची लेव्हल येईपर्यंत त्यातला एकही बदलता येत नाही. म्हणजे त्याची काळजी लेव्हल वाढते त्या दिवसाची, आणि ती महिनोन् महिने सोबत राहते. शिवाय ऐन वेळी स्पेलला पीळ द्यायला त्याच्याकडे ५ सॉर्सरी पॉइंट असतात. तशी युक्ती निवडली असेल तर एक पॉइंट खर्चून तो गोळ्यात सापडलेल्या सोबत्यांची इजा अर्ध्यावर आणू शकतो. असे पॉइंट विझर्डकडे नसतात. वॉरलॉककडे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या खेपा, दोनच. तासभर विश्रांती मिळाली की ते दोन्ही परत येतात. त्याची काळजी लढाईच्या मधोमध असते : आत्ता टाकू? पुढच्या दाराआधी तासभर बसायला मिळेल का?

आणि क्लेरिक? लाइट डोमेनच्या क्लेरिकला फायरबॉल कायम तयारच मिळतो, निवडीत मोजलासुद्धा जात नाही. चौघांत सगळ्यात कमी काळजी त्यालाच, आणि माझ्या मते नियमांचं हे कच्चं अंग आहे. ज्याची ताकद दुसऱ्या कोणाच्या तरी मर्जीवर उभी आहे, त्याला त्या मर्जीची फिकीरच नाही.

म्हणजे पुस्तकात चौघे वेगळे आहेत. तुमच्या टेबलावर ते एक झाले, कारण तुमच्या खेळातल्या एका दिवसात एकच लढाई असते. एकच लढाई असेल तर विझर्डची सकाळची निवड चुकली तरी काही बिघडत नाही, सॉर्सररला पॉइंट राखून ठेवावे लागत नाहीत, आणि वॉरलॉकचं बिचाऱ्याचं नुकसानच होतं, कारण तासाच्या विश्रांतीचा त्याचा फायदा वापरायला दुसरी लढाईच नाही. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढाया धरलेल्या आहेत. सहा-आठ मीही घेत नाही, पण तीन-चार घेते. एक दिवस तीन रविवार चालतो. झोपून ताकद परत मिळवायची कधी हे खेळाडूंनी नुसतं म्हणून ठरत नाही. जागा सुरक्षित लागते, आणि बाहेर काळ पुढे सरकत असतो. नवे क्लास बनवायच्या आधी महिनाभर एवढंच करून बघा.

दुसरं म्हणजे प्रत्येकाच्या हातात वेगळी वस्तू द्या. माझ्याकडे विझर्डला पोस्टकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले स्पेल मिळतात. सकाळी तो त्यातले निवडून समोर मांडतो, उरलेले माझ्याकडे देतो. सॉर्सररसमोर चिंचोक्यांची वाटी असते. वॉरलॉकला दोन कवड्या. कवडी सरकवली की ती माझ्या हातात येते, आणि विश्रांती झाली की मीच परत देते, करार करणाऱ्यासारखी. पात्राच्या कागदावर चौकोन खोडणं आणि आपली शेवटची कवडी दुसऱ्याच्या हातावर ठेवणं यात फार फरक आहे. तो चेहऱ्यावर दिसतो.

आता इतिहासाकडे थोडं वळते, कारण नवं बनवणाऱ्याला तो उपयोगी पडतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांत आला तेव्हा क्लास तीनच होते : लढवय्या, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. मॅजिक-यूझरने मंत्र घोकून ठेवायचा आणि वापरला की तो डोक्यातून जायचा, ही कल्पना जॅक व्हान्सच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’मधली. क्लेरिक कसा आला ते तर फार बोलकं आहे. आर्नेसनच्या ब्लॅकमूर या कँपेनमध्ये (लांबलचक चालणाऱ्या कथेत) एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं आणि कुणालाच आवरेना, म्हणून त्याला तोंड देणारा माणूस बनवावा लागला. त्या पहिल्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही स्पेल नव्हता. व्हॅम्पायरसारख्या मरूनही हिंडणाऱ्यांना पळवून लावणं एवढीच त्याची ताकद. क्लास म्हणून तो उभा राहिला तो कोणाच्या विरुद्ध उभा आहे त्यावर.

पुढे २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीत सॉर्सरर आला. त्याची स्पेलची यादी विझर्डचीच होती! यादीत फरक नाही, तरी टेबलावर दोघे वेगळे वागायचे, कारण एकाला रोज सकाळी निवडावं लागे आणि दुसऱ्याला एकदाच, पण कायमचं. २००४ मध्ये वॉरलॉक आला. त्याला तेव्हा स्लॉटच नव्हते. आपली ताकद तो दिवसभर कितीही वेळा वापरू शकत असे. मग २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या क्लासना एकच वेळापत्रक मिळालं : काही गोष्टी केव्हाही, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. तोल उत्तम साधला होता, आणि त्या आवृत्तीला अजूनही मनापासून मानणारे लोक मला माहीत आहेत. पण ‘सगळे सारखेच वाटतात’ ही तक्रार तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त ऐकू आली. प्रत्येकाच्या ताकदींची नावं वेगळी होती, परिणाम वेगळे होते, काळजीची वेळ मात्र सगळ्यांची एक झाली होती.

आता तुमच्या नव्या क्लासकडे. आपल्या कथांमध्ये विद्येला फार नेमक्या अटी जोडलेल्या असतात, आणि त्या अटींमध्येच क्लास तयार सापडतात. कर्णाला परशुरामांनी दिलेला शाप आठवा : विद्या येते, पण ऐन गरजेच्या क्षणी आठवणार नाही. कचाला देवयानीचा शाप : संजीवनी तुला फळणार नाही. त्यावर कच म्हणतो, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. ही एक ओळ वाचून मी एक क्लास केला. त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण त्यात मी काय चुकले ते तुमच्या कामाचं आहे.

या जादूगाराला स्वतःला एकही मंत्र वापरता येत नाही. सकाळी तो सोबत्यांना मंत्र देतो. पहिल्या लेव्हलला दोन, पाचव्याला पाच. खेळाडू चिठ्ठीवर मंत्र लिहितो, घडी घालतो आणि ज्याला द्यायचा त्याला देतो. ज्याच्याकडे चिठ्ठी, तो आपल्या पाळीत मंत्र उच्चारू शकतो, मग तो तलवारबाज का असेना. टेबलावरच्या एका मुलीने, तेव्हा ती अकरावीत होती, हा क्लास हौसेने घेतला. पहिली सकाळ अप्रतिम झाली. कोणाला बरं करण्याचा मंत्र द्यायचा? जो नेहमी पुढे जाऊन पडतो त्याला दिला, तर तो पडल्यावर मंत्रही त्याच्याबरोबर अडकणार. जो मागे राहतो तो भित्रा आहे, वापरेल का? अर्धा तास चौघांची चर्चा चालली. मी खूश.

मग लढाई सुरू झाली आणि ती मुलगी पाऊण तास नुसती बसून राहिली. तिच्या पाळीला करण्यासारखं काही नव्हतं. गोफणीतून एक दगड मारायचा, झालं. तिच्या मंत्रांनी लढाई जिंकली, टाळ्या तलवारबाजाला मिळाल्या. ती काही बोलली नाही, पण पुढच्या रविवारी ‘लढवय्या घेऊ का?’ असं विचारत आली. मला ते लागलं. सकाळची काळजी मी छान रचली होती. बाकीच्या दिवसाचा विचारच केला नव्हता.

दोन बदल केले. एक : मंत्र कोणीही उच्चारो, फासे तिनेच टाकायचे, आणि मंत्राचे शब्द तिनेच मोठ्याने म्हणायचे. दोन : आपल्या पाळीत ती हाताच्या अंतरावरच्या सोबत्याकडून चिठ्ठी काढून दुसऱ्याला देऊ शकते, अगदी बेशुद्ध पडलेल्याच्या मुठीतूनही. आता लढाईत ती सतत धावत असते, या टोकाहून त्या टोकाला, आणि तिच्याकडे गोफणीपलीकडे हत्यार नसल्याने बाकीच्यांना तिची काळजी घ्यावी लागते. दोन वर्षं तिने हेच पात्र खेळलं. ते पात्र एका पुलावर, चिठ्ठी पोचवताना, मेलं. तेव्हा टेबलावर कोणी बोलत नव्हतं.

तुमच्या चार क्लाससाठी म्हणून सांगते : प्रत्येकासाठी आधी एक वाक्य लिहा, ‘हा माणूस कधी आणि कशाची काळजी करतो’. दोघांचं वाक्य एकच निघालं तर त्यातला एक काढून टाका. मग लढाईच्या पाळीत हातांना काय काम आहे ते लिहा. स्पेलची यादी सगळ्यात शेवटी. आणि क्लेरिकसारखा कोणी करणार असाल तर देवाला काहीतरी मागू द्या. २०१२ च्या डंजन क्रॉल क्लासिक्स या दुसऱ्या खेळामध्ये क्लेरिकचा मंत्र फसला की देवाच्या नाराजीची शक्यता त्या दिवसापुरती वाढत जाते. पुढचा फासा त्या आकड्यात अडकला की प्रायश्चित्त. पाचव्यांदा देवाला हाक मारताना त्या खेळाडूचा हात खरंच थबकतो.

प्रश्न : तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की स्पेलच्या याद्या वेगळ्या करून क्लास वेगळे होत नाहीत. मला पटलं नाही. निसर्गाची जादू करणारा ड्रुइड आणि विझर्ड यांच्यात यादीचाच तर फरक आहे!
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : अर्धं मान्य. यादीने फरक पडतो, पण यादीमागे व्याकरण असेल तर. १९७५ मध्ये इल्यूजनिस्ट आला तो भास निर्माण करण्याच्या एकाच कल्पनेवर उभा होता. ड्रुइड १९७६ मध्ये क्लास झाला. त्याआधी तो पुस्तकात राक्षसांच्या रांगेत होता. या दोघांकडे कोणता स्पेल असेल आणि कोणता नसेल हे यादी न बघताही सांगता येतं. तशी यादी चांगली.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात नीटस उदाहरण म्हणजे २०१९ ची पाथफाइंडर या खेळाची दुसरी आवृत्ती. तिथे मूळ तत्त्वं चार : मन, जडद्रव्य, आत्मा आणि प्राण. मन आणि जडद्रव्य मिळून विझर्डची परंपरा, आत्मा आणि प्राण मिळून क्लेरिकची, जडद्रव्य आणि प्राण मिळून ड्रुइडची, मन आणि आत्मा मिळून गाणाऱ्या बार्डची. म्हणून विझर्डला जखमा भरता येत नाहीत, कारण त्याच्याकडे प्राण नाही. ‘तोल राहावा म्हणून’ असं उत्तर द्यावं लागत नाही. आणि १९८७ च्या आर्स मॅजिका या खेळाने तर यादीच जवळजवळ मोडीत काढली : पाच क्रिया, दहा विषय, आणि जादूगाराने त्यांची जोडी लावून मंत्र रचायचा. ‘नष्ट करणे’ अधिक ‘पाणी’. ‘जाणणे’ अधिक ‘मन’. तिथे सगळेच जादूगार ‘मेगस’, क्लास असा नाही, तरी दोन जादूगार एकमेकांसारखे निघत नाहीत, कारण पंधरापैकी कशात वर्षं घालवली ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

तेव्हा ड्रुइडची यादी विझर्डपेक्षा वेगळी आहे हे खरंच. पण तुमच्या टेबलावरचा ड्रुइड लक्षात राहतो तो यादीमुळे की अस्वल होतो म्हणून, हे एकदा खेळाडूंना विचारा.

प्रश्न : मी बारावीत आहे. मी ‘नादयोगी’ नावाचा क्लास बनवला. स्लॉट नाहीत, कितीही वेळा गायचं, फक्त दर वेळी वीसपैलू फासा टाकून लक्ष्य गाठायचं. लक्ष्य म्हणजे १२ अधिक शत्रूच्या लेव्हलची दुप्पट. फाशात नादयोग्याची लेव्हल अधिक ५ मिळवायचे. पहिल्या लेव्हलला सगळ्यांना फार आवडला. सहाव्या लेव्हलला माझा मित्र चिडून म्हणाला की मंत्रच लागत नाहीत. नशीब खराब आहे की क्लास?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नशिबाचा काही संबंध नाही, गणित आहे. कागद घे. शत्रू आणि नादयोगी एकाच लेव्हलचे धरू. पहिल्या लेव्हलला लक्ष्य १४, मिळकत ६, म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त हवेत : शंभरात ६५ वेळा जमेल. सहाव्या लेव्हलला लक्ष्य २४, मिळकत ११, फाशावर १३ हवेत : ४० वेळा. दहाव्याला १७ हवेत : २० वेळा. चौदाव्या लेव्हलला २१ हवेत, आणि फाशावर २० च्या पुढे आकडा नाही. जगातला सगळ्यात मोठा नादयोगी मुका होतो.

ही चूक तू पहिल्यांदा केलेली नाहीस. २००६ च्या ‘टोम ऑफ मॅजिक’ या पुस्तकामध्ये ट्रूनेमर नावाचा क्लास होता. वस्तूचं खरं नाव उच्चारून तिच्यावर सत्ता मिळवायची, अशी ती कल्पना, आणि कल्पना म्हणून माझ्या फार आवडीची. पण लक्ष्य होतं १५ अधिक समोरच्याच्या ताकदीच्या आकड्याची दुप्पट, आणि कौशल्य मात्र लेव्हलमागे एकानेच वाढायचं. भर म्हणून, एकच उच्चार दिवसभरात पुन्हा वापरला की लक्ष्य आणखी दोनाने वर. जादूच्या वस्तू गोळा करून ते कसंबसं सावरायला लागायचं. जी गोष्ट दोनाने वाढते तिचा पाठलाग एकाने वाढणारी गोष्ट करू शकत नाही. क्लास बनवताना पहिली, दहावी आणि विसावी अशा तीन लेव्हलचं गणित नेहमी करून बघायचं. तुझ्या नियमात ‘दुप्पट’ हा एक शब्द खोड. लक्ष्य १२ अधिक शत्रूची लेव्हल, एवढंच ठेव. मग बरोबरीच्या शत्रूपुढे कायम ७० टक्के राहील आणि वरचढ शत्रू वरचढ वाटेल.

पण माझ्या मते मोठी अडचण दुसरीच आहे. मंत्र फसला की तुझ्या मित्राच्या पाळीत काहीच घडत नाही. सगळ्यांची पाळी फिरून पुन्हा येईपर्यंत वीस मिनिटं जातात, आणि पुन्हा फसतो. चिडणारच. फसण्यातून काहीतरी निपजलं पाहिजे. डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये प्रत्येक स्पेलचा स्वतःचा तक्ता आहे. किती आकडा आला त्यावर परिणाम ठरतो, आणि कमी पडत असेल तर जादूगार आपली शक्ती, चपळाई किंवा दम जाळून आकडा वाढवू शकतो. १९८९ च्या शॅडोरन या खेळामध्ये मंत्र टाकला की जादूगाराच्या अंगावर थकवा येतो, आणि तो झेलायला पुन्हा फासे. तुझा क्लास नादाचा आहे. सूर चुकला तर नाद कुठेतरी जाणारच ना! नवनाथांच्या कथेतला गोरक्षनाथ संजीवनी मंत्र घोकत बसलेला असतो. पोरं हट्ट करतात म्हणून तो चिखलाची गाडी करतो, मग गाडी हाकणारा करायला घेतो. तोंडात मंत्र चालूच. आणि तो चिखलाचा पुतळा जिवंत होतो, तोच गहिनीनाथ. असा एक तक्ता कर : चुकलेला सूर कुठे लागला? दहा ओळी पुरेत. दगड गुणगुणायला लागला, शत्रूचं शस्त्र थरथरून गळालं, गायकाला उद्यापर्यंत आवाज नाही. मित्राला फसण्याचीसुद्धा उत्सुकता वाटली पाहिजे. दुसरी आवृत्ती झाली की मला पाठव, मी माझ्या टेबलावर खेळवून बघेन.

प्रश्न : आम्ही पूर्ण मराठीत खेळतो. क्लासना मांत्रिक, भगत, चेटकीण अशी नावं दिली आहेत. एका खेळाडूच्या आईने ‘चेटकीण’ ऐकून खेळ बंद करायला लावला. त्यांना खेळ कसा समजावून सांगू?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आधी त्या माउलीच्या बाजूने बोलते. तुम्ही धुळ्याचे, म्हणजे सातपुडा तुमच्या उशाला आहे. तिथे ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तो कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी पुण्यात हत्या झाली. माझ्या घरापासून ती जागा लांब नाही. ‘विच’ हा शब्द आपल्याला पुस्तकातून भेटला, म्हणून हलका वाटतो. ‘चेटकीण’ हलका नाही. मी तो क्लासच्या नावात वापरत नाही.

‘मांत्रिक’चं वेगळं आहे. मराठी कानाला मांत्रिक म्हटलं की लुबाडणारा माणूस दिसतो. नायकाला ते नाव दिलं तर खेळाडू त्याच्याकडे संशयानेच बघतात. खलनायकाला उत्तम. ‘भगत’ ही आजही आपल्या आदिवासी पाड्यांवर असलेली जिवंत माणसं आहेत, लोकांच्या श्रद्धेतली आणि औषधपाण्यातली. त्यांच्या विधींना फाशांचे आकडे लावायला माझा हात धजत नाही. नावं कामावरून घडवा. माझ्या टेबलावर ‘वहीवाला’ आहे, ‘करारी’ आहे, ‘चिठ्ठीवाली’ आहे. साधी आहेत, पण उच्चारली की क्लास काय करतो ते कळतं. आणि त्या आईंना समजावून सांगू नका, खेळायला बोलवा. एक रविवार सांडशी हातात असलेल्या लोहाराचं पात्र द्या. माझ्याकडे एका मुलाची आजी अशी आली होती, ती तीन महिने येत राहिली.

प्रश्न : न्यू जर्सीत मराठी शाळेत मी नऊ ते अकरा वर्षांच्या सहा मुलांना दर दुसऱ्या रविवारी हा खेळ मराठीतून खेळवते. सगळ्यांना जादूच करायची असते. नियमांचं पुस्तक त्यांना झेपत नाही. जादूगार वेगळे कसे ठेवू?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पुस्तक सोडून द्या. सहा वस्तू घ्या आणि प्रत्येक वस्तूला एकच नियम.

एकाला पाच चित्रांची कार्डं : सुरुवातीला तीनच निवडायची, वापरलं की उलटं. एकीला दहा चिंचोके : हवं ते करता येतं, पण मोठं मागितलं तर जास्त चिंचोके, आणि किती ते तुम्ही सांगायचं. एकाला एक कवडी : दर वेळी उडवायची, उताणी पडली तर जादू, पालथी पडली तर गंमत. एकीला घंटा : ती वाजवली की जादू नक्की होते, पण शत्रूंनाही ऐकू जाते. एकाला दोरा : जादू करायची तर एक गाठ मारायची, आणि सहा गाठी झाल्या की सगळ्या सोडवेपर्यंत जादू बंद. गाठी त्याने खऱ्याच सोडवायच्या, खेळ चालू असताना. सहाव्या मुलीला कोरा कागद : जादू करायची तर तिने एक मराठी शब्द लिहायचा, आणि लिहिलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही. पहिल्या दिवशी ‘आग’ संपेल, ‘पाणी’ संपेल. दुसऱ्या दिवशी ‘वणवा’, ‘ठिणगी’. तिसऱ्या दिवशी ती घरी जाऊन आजीला फोन लावेल.

वस्तू दर महिन्याला आपापसात बदलू द्या, पण खेळ चालू असताना नाही. घंटेची मात्र आधी शाळेच्या शेजारच्या वर्गाला कल्पना द्या.